श्वासाची मुदत

जकातीच्या अनुसूचीत जगातील यच्चयावत वस्तूंना अंक नेमून दिलेले आहेत, आणि तिच्या तिसऱ्या प्रकरणात ०३०१ या अंकाखाली जिवंत मासे, ०३०२ खाली ताजे अथवा थंड केलेले मासे आणि ०३०३ खाली गोठवलेले मासे अशी क्रमवारी लावलेली आहे. कागदावर हे अंक एकाखाली एक निमूटपणे बसलेले दिसतात. परंतु पहिल्या अंकाखाली निघालेला माल पहिल्याच अंकाखाली आपल्या दारी उतरावा, एवढ्यासाठी दोन देशांतील किती माणसांना किती ठिकाणी जागे राहावे लागते, हे ज्याने मुंबई विमानतळाच्या सहार येथील मालसंकुलात शोभिवंत माशांच्या पेट्यांची वाट पाहत रात्री काढल्या आहेत त्यालाच ठाऊक. कस्टम्सचा दलाल म्हणून माझी उमेदीची वर्षे या संकुलात गेली. यंत्रांचे सुटे भाग, औषधांची रसायने, छपाईची शाई असा नाना तऱ्हेचा माल मी सोडवला. त्या मालाला विलंब झाला तर गुदामभाडे चढते, मालकाची कडक पत्रे येतात, प्रसंगी दंड भरावा लागतो. पण जे काही बिघडते ते पैशाने निस्तरता येते. माशांच्या पेटीला मात्र आणखी एक मुदत असते, जी कोणत्याही दस्तऐवजावर लिहिलेली नसते आणि जी वाढवून देण्याचा अखत्यार कोणत्याही अंमलदाराला नसतो. ती पिशवीतल्या श्वासाची मुदत होय. पुढे एका भागीदाराबरोबर मी स्वतःच या आयातीत पडलो, पनवेलजवळ टाक्यांची एक शेड उभी केली, आणि तेव्हापासून या मुदतीचा विचार माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

मुंबईला या माशांचे वेड नवे नाही. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून सुटीत मुलांना तेथे घेऊन जाण्याचा जो रिवाज पडला, त्यातून काचेपलीकडचे मासे डोळ्यांत साठवून परतलेल्या कित्येक मुलांनी मोठेपणी आपल्या दोन खोल्यांच्या संसारातही काचेच्या पेटीसाठी जागा काढली. क्रॉफर्ड मार्केटात आणि कुर्ल्याच्या बाजारात जे मासे विकले जातात त्यांतील बहुसंख्य आपल्याच देशात, चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसमंतातील गावांत, पैदा झालेले असतात. त्यांना सरहद्द ओलांडावी लागत नाही. आयात लागते ती निराळ्या कारणांसाठी. पैदाशीकरिता नव्या रक्ताचे नर-मादी हवे असतात; पेनांगच्या उत्पादकांनी पिढ्यानुपिढ्या निवड करून घडवलेले डिस्कस हवे असतात; थायलंडचा बेट्टा, ज्याला त्या देशाने २०१९ मध्ये आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले, तो हवा असतो; आणि ब्राझीलमधील रिओ निग्रोच्या काळसर पाण्यातून बार्सेलोस गावचे कोळी जो कार्डिनल टेट्रा पकडतात, त्या बोटाच्या पेराएवढ्या लाल-निळ्या माशाला मुंबईतही चाहते आहेत. हे सर्व प्रवाह सिंगापुरात येऊन मिळतात. मलेशियातील जोहोरची शेते, इंडोनेशियाची बेटे, दक्षिण अमेरिकेच्या नद्या येथील मासे त्या लहानशा बेटावर येऊन विसावतात, पुन्हा पिशव्यांत भरले जातात आणि जगभर रवाना होतात.

सिंगापूरच्या पश्चिमेकडील सुंगेई तेंगा भागातील शेतावर माझे जाणे झाले, ते माल सोडवण्याचे काम पुष्कळ वर्षे केल्यानंतर; आणि तेथील पॅकिंगच्या खोलीत उभा राहिलो तेव्हा ज्या पेटीवर मी केवळ शिक्के आणि चिकटपट्ट्या पाहत आलो होतो, तिच्या आत किती विचार भरलेला असतो हे मला प्रथमच कळले. मासे एक-दोन दिवस उपाशी ठेवलेले होते. हे निर्दयपणाचे वाटते, पण भरल्या पोटाचा मासा पिशवीत विष्ठा टाकतो, पाणी नासवतो आणि त्यातच गुदमरतो. रित्या पोटी निघालेला मासा तग धरतो. पाण्याची उष्णता हळूहळू बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरवलेली होती, जेणेकरून माशाचा श्वास मंदावावा आणि त्याला प्राणवायू कमी लागावा. डिस्कससारख्या उष्ण पाण्याच्या माशांना यातून वगळलेले होते. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे पाणी अखंड त्याच्या अंगात शिरत राहते आणि ते बाहेर टाकण्याचे काम त्याचे शरीर अहोरात्र करीत असते. घाबरलेल्या माशाला हे काम झेपत नाही, म्हणून पाण्यात किंचित मीठ घातलेले होते. पिशवीचा एक तृतीयांश भाग पाणी आणि दोन तृतीयांश भाग शुद्ध प्राणवायू, हे प्रमाण राखताना कोणी मापाला हातही लावत नव्हते. एक मध्यमवयीन चिनी बाई नळीने प्राणवायू सोडी, पिशवीच्या तोंडाला पीळ देई आणि त्यावर रबराचे वेढे चढवी, आणि तिची बोटे गजरा विणणाऱ्या माळिणीच्या बोटांसारखी चालत. पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे तिने आधीच दुमडून चिकटपट्टीने बांधलेले होते. मी कारण विचारले, तेव्हा दुभाष्यामार्फत उत्तर आले, की लहान मासे भ्याले म्हणजे कोपऱ्यात शिरतात, एकावर एक चढतात, आणि तळचे मासे चेंगरून मरतात. कोपरा नसलेल्या पिशवीत त्यांना शिरायला जागाच राहत नाही.

त्याच खोलीत कोरिडोरास नावाचे छोटे मार्जारमासे वेगळ्या बादलीत ठेवलेले होते. त्यांच्या कल्ल्यांमागच्या परांना ताठ काटे असतात, जे पातळ प्लास्टिक सहज फोडतात, आणि भीतीच्या भरात ते असे विष सोडतात की बंद पिशवीत स्वतःच त्याला बळी पडतात. म्हणून त्यांना आधी बादलीत मुद्दाम डिवचले जाते, ते विष तेथेच टाकू दिले जाते, पाणी बदलले जाते, आणि मग दुहेरी पिशवीत, दोन थरांमध्ये वर्तमानपत्राची घडी घालून, त्यांची रवानगी होते. मुंबईत ओल्या झालेल्या चिनी वर्तमानपत्राचे लगदे मी पेट्यांतून काढून टाकीत आलो होतो. ते तेथे कशासाठी असते याचा उलगडा मला त्या दुपारी झाला.

अशा रीतीने बांधलेली पिशवी साधारणपणे दीड ते दोन दिवस तग धरावी असा हिशेब असतो. सिंगापूरहून मुंबईला विमान साडेपाच तासांच्या आसपास पोचते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की वेळ मुबलक आहे. पण पिशवी बांधल्यापासून पेटी विमानात चढेपर्यंतचे तास, विमान उतरल्यापासून माल गुदामात नोंदला जाईपर्यंतचे तास, तपासणीचे तास, आणि सहारहून पनवेलपर्यंतच्या रस्त्याचे तास मिळवले, म्हणजे त्या मुदतीतले पुष्कळसे आयुष्य जमिनीवरच खर्ची पडते असे दिसून येते. विमान कधी कमी वेळात उडणार नाही. कमी करता येतो तो कागदांचा वेळ, आणि तो कमी करण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: पेटी निघण्यापूर्वी कागद पूर्ण करणे.

हे कागद थोडे नाहीत. मुळाशी १८९८ चा पशुधन आयात अधिनियम आहे, जो आगबोटींच्या काळात जनावरांचे रोग बंदरावरच थोपवण्यासाठी झाला आणि ज्याच्या आधारे आजही विमानाने आलेल्या माशाची तपासणी होते. दिल्लीहून आगाऊ मिळवायचा आरोग्यविषयक आयात परवाना. निर्यातदार देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेला आरोग्याचा दाखला, जो सिंगापुरात २०१९ पर्यंत कृषी-अन्न व पशुवैद्यकीय प्राधिकरण देत असे आणि त्यानंतर राष्ट्रीय उद्यान मंडळाचा पशुवैद्यकीय विभाग देतो. प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव आणि संख्या दर्शविणारे बीजक व पेट्यांची यादी. विमान कंपनीचे एअर वेबिल. आणि आपल्याकडून भरायचे बिल ऑफ एंट्री. हे सर्व एकमेकांशी तंतोतंत जुळले की पशु विलगीकरण केंद्राचे पशुवैद्य पेट्या पाहतात, ना-हरकत देतात, कस्टम्सचा अंमलदार मोकळिकीचा हुकूम काढतो आणि गुदामाचे फाटक उघडते. या साखळीतला कोणताही दुवा अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. या धंद्यातील पुष्कळ मंडळी या कागदांना जाच समजतात, आणि रात्री दोन वाजता एका शिक्क्यासाठी ताटकळताना तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण कागदांचे प्रयोजन ज्याला उमगले त्याला ते भरताना आळस येत नाही, आणि ज्याने आळस केला नाही त्याची पेटी सहसा अडत नाही.

काही कागद असे असतात की ते नसतील तर तो मासा आणण्याचा विचारही करू नये. आशियाई अरोवाना हा मासा १९७५ पासून, दुर्मिळ जीवांच्या व्यापाराला आवर घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. नोंदणीकृत शेतावर पैदा झालेल्या आणि अंगात ओळखीची सूक्ष्म चिप बसवलेल्या माशाखेरीज त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार होत नाही. तो घरात असला की संपत्ती येते अशा समजुतीने मुंबईतील कित्येक धनवंत त्याच्यासाठी वाटेल ती किंमत मोजायला तयार असतात, आणि त्यांचे निरोप मजपर्यंतही येत. त्या सर्वांना मी दक्षिण अमेरिकेतील रुपेरी अरोवाना दाखवला, ज्याच्या व्यापारावर तो निर्बंध नाही, आणि विषय तेथेच संपवला.

नावांच्या रुजवातीवरून झालेला एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. आपल्याकडे टायगर बार्ब म्हणून ओळखला जाणारा पट्टेरी मासा दीर्घकाळ पुंटियस या प्रजातीत मोडत असे. २०१३ साली शास्त्रज्ञ मॉरिस कोटेलाट यांनी त्याच्यासाठी पुंटिग्रस ही स्वतंत्र प्रजाती स्थापली. एका खेपेस आमच्या परवान्यावर जुने नाव होते आणि सिंगापूरच्या दाखल्यावर नवे. त्या रात्री कामावर असलेल्या पशुवैद्य बाई नव्यानेच बदलून आल्या होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला बोलावले.

"परवाना एका माशाचा आणि आलाय दुसराच मासा. मी यावर सही कशी करू?"

"मॅडम, मासा एकच आहे. शास्त्रज्ञांनी नाव बदललंय."

"असेल. पण मला ते तुमच्या तोंडून ऐकून चालणार नाही, कागदावर दिसलं पाहिजे."

मला तेव्हा पिशवीतला प्राणवायू दिसत होता आणि त्यांना त्यांची जबाबदारी. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी मला परत धाडले नाही, आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे अर्ज करा असेही सांगितले नाही, जे सांगणे त्यांना सर्वात सोपे होते. संगणकावर फिशबेस हा माशांचा माहितीसंग्रह उघडून त्यांनी जुन्या-नव्या नावांची नोंद स्वतः ताडून पाहिली, दोन पिशव्या उजेडात धरून माशाच्या अंगावरचे चार काळे पट्टे मोजले, माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतले, त्यावर दोन्ही नावे नमूद करून शेरा मारला, आणि पहाटेच्या आत माल सोडला. जाताना म्हणाल्या, "पुढच्या परवान्याला दोन्ही नावं टाका, म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणी असलं तरी अडणार नाही." तेव्हापासून आमच्या प्रत्येक अर्जात जुनी नावेही दिली जातात. नियमांचा अर्थ जाणणारा अधिकारी आणि नियमांचा केवळ आधार घेणारा अधिकारी यांतील अंतर किती जिवांचे असते, हे त्या रात्री मी पाहिले, आणि त्या बाईंबद्दलचा आदर माझ्या मनात आजही तसाच आहे.

याच्या उलट प्रसंगही सांगितला पाहिजे. एका विमानतळावरील एका गुदामात, रात्रपाळीच्या घाईत, आमच्या डिस्कसच्या पेट्या शीतगृहात गेल्या. पेट्यांवर जिवंत प्राण्यांची हिरवी चिठ्ठी होती, वरची बाजू दाखवणारे बाण होते. पण कागदावर मासे हा शब्द वाचून कोणा हमालाने त्या निर्यातीच्या कोळंबीशेजारी नेऊन ठेवल्या, आणि त्याला दोष देताना जीभ अडखळते, कारण हा भेद त्याला कोणी कधी समजावून सांगितलेलाच नव्हता. डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. अठ्ठावीस-तीस अंशांच्या पाण्यात रमणारा. पेट्या माझ्या हाती आल्या तेव्हा थर्मोकोलच्या झाकणाला आतून दव सुटले होते. पहिली पिशवी उचलली तर हाताला गारवा लागला. आतला मासा आडवा पडलेला होता. त्याच्या अंगावरचा निळा-तांबडा रंग काळवंडून गेला होता आणि उभे पट्टे गडद होऊन दिसत होते, जसे मरणाच्या भीतीत डिस्कसचे होतात. कल्ल्याचे झाकण मात्र मधूनच उचलले जाई. आम्ही पिशव्या तशाच बंद ठेवून, खोलीच्या हवेत, घाई न करता त्यांची उष्णता चढू दिली. काही मासे उभे राहिले; बरेच राहिले नाहीत. नुकसानीच्या दाव्यासाठी न उघडलेल्या पिशवीतील मेलेल्या माशाचे छायाचित्र ठरावीक मुदतीत पाठवावे लागते, ते पाठवले, रक्कमही काही अंशी मिळाली. आमच्या पेट्यांवर तेव्हापासून मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत ‘जिवंत मासे – शीतगृहात ठेवू नये’ असे छापलेले असते, आणि रात्रपाळीच्या मुकादमाला फोन करून पेट्या कोठे ठेवल्या हे विचारल्यावाचून मी झोपत नसे.

शेडवर पोचल्यावर घाईचे काम संपले असे नवख्यांना वाटते. वास्तविक सर्वात नाजूक घटका तेव्हाच सुरू होते. पिशवीत मासा श्वास घेतो आणि सोडतो. सोडलेला कर्बवायू पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी होत जाते. त्याच वेळी माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो, आणि तो जर विषारी रूपात साठत राहिला असता तर एकही मासा सिंगापूरहून जिवंत पोचला नसता. पण आम्ल पाण्यात अमोनियाचे बहुतांशी अमोनियममध्ये रूपांतर होते, जे माशाला फारसे बाधत नाही. म्हणजे ज्या श्वासाने पाणी बिघडते त्याच श्वासाने मासा वाचतो. पिशवीचे तोंड उघडले की मात्र कर्बवायू उडून जातो, पाण्याचे आम्लपण ओसरते, आणि प्रवासभर निद्रिस्त राहिलेले विष काही मिनिटांत जागे होते. पुस्तकात वाचून आलेला हौशी माणूस पिशवी उघडून, तिच्यात टाकीचे पाणी नळीने थेंब थेंब सोडत तासभर बसतो. गल्लीतल्या दुकानातून आणलेल्या माशासाठी ते ठीक, पण दिवसभर बंद राहिलेल्या पिशवीतला मासा त्या प्रेमळ संथपणाने हमखास मरतो. आमच्याकडे टाकीचे पाणी आधीच पिशवीतल्या पाण्याच्या जवळपास आणून ठेवलेले असते. शेडमध्ये मंद तांबडा दिवा असतो, कारण अंधारातून एकदम प्रकाशात आलेला मासा भिंतींवर आपटतो. पिशव्या बंद अवस्थेत टाकीवर तरंगत ठेवून उष्णता एक केली जाते. आणि मग पिशवी कापून, पाणी चाळणीतून बादलीत ओतून, मासा क्षणार्धात जाळीने नव्या पाण्यात सोडला जातो. परक्या पाण्याचा थेंबही टाकीत जाता कामा नये.

त्या बादलीतल्या पाण्याविषयी मी आग्रहाने लिहितो, कारण माझ्या मते सरहद्द खऱ्या अर्थाने तेथे असते. माशाला परवाना लागतो. पण माशाबरोबर येणाऱ्या पाण्याला, त्यातील परजीवीला, जिवाणूला आणि विषाणूला कोणी बीजकात नोंदलेले नसते. सहारचा विमानतळ आणि कुर्ला ही दोन्ही ठिकाणे मिठी नदीच्या काठी आहेत; तेथे कोणी एखाद्या गटारात रिती केलेली पिशवी मिठीतून माहीमच्या खाडीत पोचायला आडकाठी कसलीही नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये पिशव्यांचे सगळे पाणी पिंपात जमते, त्यात ब्लीचिंग पावडर पडते, आणि पुरेसा अवधी गेल्यावरच ते सोडले जाते. जाळी आणि बादल्या टाकीगणिक वेगळ्या असतात. हे सांगितले की पुष्कळांना अतिरेक वाटतो. त्यांना मी मरळीची गोष्ट सांगतो. १९८८ साली बांगलादेशातून ईशान्य भारतात माशांचा व्रणरोग शिरला, आणि तो नदीनाल्यांनी आपल्या देशभर पसरून मरळीसारख्या माशांच्या अंगावर जखमा करीत गेला. त्याने कोणत्याही नाक्यावर कागद दाखवले नव्हते. कोई माशांचा हर्पिस विषाणू १९९८ मध्ये इस्राएलातील साथीत ओळखला गेला आणि २००३ मध्ये त्याने जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात हजार टनांहून अधिक कार्प मारले. आपल्या तलावांत लाखो कोळ्यांचे पोट ज्या सायप्रिनसवर चालते, तो त्याच कार्पच्या जातीचा मासा आहे. एका श्रीमंताच्या बागेतील हौदासाठी आणलेल्या चार रंगीत कोईंची तपासणी का करायची, याचे उत्तर त्या तलावांत आहे.

मासा स्वतःच उपद्रव होऊन बसतो, त्याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ मासा घरोघर आणला गेला, मोठा झाल्यावर पेटीत मावेना म्हणून दयाबुद्धीने तळ्यात सोडला गेला, आणि आता पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातील मत्स्यतळ्यांमध्ये तो काठ पोखरतो व आपल्या खरखरीत काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाडतो. त्याला सोडणाऱ्यांच्या मनात क्रूरपणा नव्हता. म्हणूनच आम्ही दुकानदारांना हे स्पष्ट सांगतो, की गिऱ्हाइकाला मासा नको झाला तर त्याने तो दुकानात परत आणून द्यावा, तळ्यात किंवा नदीत सोडू नये. आणि परत आलेला मासा आम्ही विनातक्रार घेतो.

आयातदाराकडे विलगीकरणाची सोय असली पाहिजे अशी अट सरकारने घातलेली आहे, आणि ती सोय कागदावर दाखवणे कठीण नाही. तीन आठवडे मासे खरोखरच टाकीत ठेवून, रोज न्याहाळून, विक्रीचा मोह आवरणे कठीण आहे. तीन आठवडे का, याचे एक उत्तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात मिळते. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली दडलेला असताना औषध त्याला शिवत नाही. तो पिकून गळतो, तळाशी जाऊन फुटतो आणि त्यातून सुटलेली शेकडो पिले पाण्यात नवा मासा शोधत फिरतात, तेव्हाच ती मारता येतात. उष्ण पाण्यात हे चक्र आठवडाभरात पुरे होते, आणि एखादे चक्र नजरेतून सुटले तर पुढच्यात ते हाती यावे, यासाठी अवधी राखावा लागतो. पहिल्या दिवशी निरोगी दिसणारा मासा निरोगी असतोच असे नाही. तो केवळ प्रवासातून वाचलेला असतो.

कुर्ल्याचा एक जुना दुकानदार, ज्याच्याशी माझा अनेक वर्षांचा घरोबा आहे, नेहमी म्हणे, "काका, टाकीत ठेवलेला मासा पैसा खातो. दुसरे लोक विमानातून उतरलेला माल दुसऱ्या दिवशी दुकानात लावतात."

"आणि आठव्या दिवशी गिऱ्हाईक मेलेला मासा पिशवीत घालून तुझ्याकडे येतं ना?"

"येतं. पण तोवर मी विकलेलं असतं."

हा या धंद्याचा खरा रोग आहे, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितला म्हणून मला तो माणूस आवडतो. मरतुकीचा खर्च ज्याच्या घरी मासा मरतो त्याच्यावर पडतो, आणि बहुधा ते एक मूल असते, ज्याची समजूत अशी होते की आपल्यालाच मासे पाळता येत नाहीत. अशी हौस पहिल्याच महिन्यात विझते आणि काचेची पेटी माळ्यावर जाते. दुकानदारांना मी कितीतरी वेळा बजावले आहे, की तीन आठवड्यांचे खाद्य आणि वीज यांचा खर्च हा या धंद्याचे बी आहे, तो वाचवला तर पुढचे पीक येत नाही. काहींना पटले, काही आम्हाला सोडून गेले, आणि त्यांच्या जाण्याचा सल मी बाळगला नाही.

आता शेड माझा पुतण्या पाहतो. त्याने टाक्या वाढवल्या, प्रत्येक टाकीवर माल आल्याची तारीख, जुनी-नवी नावे आणि रोजची मरतुक लिहिलेली पाटी लावली, आणि मुदत पुरी होण्यापूर्वी टाकीत जाळी घालायची नाही असा दंडक घातला. मागल्या दिवाळीच्या बाजारासाठी आणलेल्या कार्डिनल टेट्रांच्या एका टाकीत, मुदत संपत आलेली असताना, दोन-तीन माशांच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले. मागण्या नोंदलेल्या होत्या, काहींची आगाऊ रक्कमही आलेली होती. पुतण्याने पाटीवरची तारीख खोडून त्या दिवसाची तारीख लिहिली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. आगाऊ रकमा ज्यांना परत हव्या होत्या त्यांना परत केल्या. दिवाळीचा बाजार हुकला. मासे त्यानंतर गेले, कुर्ल्याच्या त्याच जुन्या दुकानदाराने ते घेतले, आणि पुढची मागणी नोंदवताना माल कधी पाहिजे या रकान्यात त्याने तारीख घातली नाही. ती आमच्यावर सोडली.